बाहेर बसवण्याची रीत

कोल्हापूरला लोक देवीला जातात, चपला घ्यायला जातात, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला जातात. मी गेले ती एका माणसाला फुटबॉलच्या टीमबाहेर कसं बसवायचं हे शिकायला. गडहिंग्लजहून एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती. बाहेर उसाची शेतं मागे पळत होती आणि मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. शेजारच्या आजोबांनी शेवटी विचारलंच, "दवाखान्यात कोण हाय का बाई?" मी नाही म्हटलं, पण त्यांचा विश्वास बसला नसावा.

मी गडहिंग्लजच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि गावातल्या एका फुटबॉल मंडळाच्या समितीवर एकुलती एक बाई. आमच्या गावाला फुटबॉलचं वेड जुनं आहे, हे कोल्हापूरकर सोडून सगळे मान्य करतात. यंदा गावातल्याच दुसऱ्या मंडळाने आमचे चांगले खेळाडू पळवले. 'आम्ही कोल्हापूरच्या तालमींसारखं चालतो' असं ते सगळीकडे सांगत होते. कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमही कुस्तीच्या तालमींच्याच असतात. झालं, आमच्या समितीलाही कोल्हापूरसारखं चालायची घाई झाली. बेळगावकडचा एक तरणाबांड फॉरवर्ड आम्ही घेऊन आलो. आता त्याला जागा करायची तर इरफानला बाहेर बसवणं भाग होतं.

इरफान आमचा कॅप्टन. मोटरसायकलींच्या सीट शिवायचं त्याचं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. सहावीत असताना तो माझ्या तासाला अनवाणी खेळायचा. आज टीममधल्या निम्म्या पोरांना बॉल कसा थांबवायचा हे त्यानेच शिकवलंय. पण गेल्या वर्षापासून त्याचा गुडघा दुखतोय, आणि पळताना तो मागे पडतो. हे सगळ्यांना दिसत होतं. त्याला सांगायचं कुणी, हा प्रश्न समितीच्या बैठकीत निघाला तेव्हा सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. तो दुखावला आणि फुटबॉल सोडून बसला तर काय, या विचाराने माझी तर झोपच उडाली होती.

आमचे सेक्रेटरी शिवलिंगअण्णा म्हणाले, "कोल्हापुरात भल्याभल्यास्नी बसवत्यात. आणि त्यो गडी हसत ग्राउंडवर हजर असतोय. कायतरी युक्ती असणार. अक्का, तुमी जाऊन बघून या की."

शाळेला सुट्टी होती. मी हो म्हणाले.

गुरुवार, राजारामपुरी

माझी मावसबहीण माधुरी राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर राहते. जिन्यात पेशंटच्या चपला, समोर क्लासला आलेल्या पोरांच्या गाड्यांची रांग, आणि रिक्षावाल्यांचं एकमेकांना मोठ्याने प्रेमाने शिव्या देणं. आमच्या गडहिंग्लजला इतक्या आवाजात माणसं फक्त भांडतात. इथे 'चहा घेतलास का' हेही त्याच आवाजात विचारतात. पहिला तासभर मला वाटत होतं की खाली मारामारी चाललीय.

मी का आले ते ऐकून माधुरी म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच. भांडण दुसऱ्याचं आणि पोटात गोळा तुझ्या." मग तिने पांढरा रस्सा वाढला. मी दोन वाट्या प्यायले, पण चव कळली असं म्हणता येणार नाही.

संध्याकाळी मी तालमीत गेले. तालमींची खरी नावं मी इथे देत नाही. या शहरात तालमीचं नाव जरा वेगळ्या सुरात घेतलं तरी माणसं उठून उभी राहतात. एका तालमीच्या मागे विहीर आहे, दुसरीच्या दारात चिंच. तेव्हा विहीर तालीम आणि चिंच तालीम असं म्हणू या. दोघींच्या मध्ये एक रस्ता आहे. तो ओलांडायला दहा पावलं पुरतात, पण फुटबॉलचा सीझन सुरू झाला की या बाजूची माणसं त्या बाजूच्या घरात पाणीसुद्धा पीत नाहीत.

विहीर तालमीचे ट्रेनर बापू हे माझ्या शाळेतल्या एका शिक्षकांचे मेहुणे. साठीचे, उघडंबंब शरीर, खांद्यावर टॉवेल. आमचं मंडळ एका किराणा दुकानाच्या माडीवर बसतं. यांची स्वतःची दगडी इमारत, खाली लाल मातीचा आखाडा, वर पोरांची झोपायची जागा. मी ओळख सांगितली.

"गडहिंग्लज व्हय? या की पावणं. उद्या मॅच हाय. पर ही साडी घालून येऊ नका."

मी पिवळी साडी नेसले होते. पिवळा रंग चिंच तालमीचा. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आखाड्याभोवतीची सगळी तरुण मंडळी मघापासून माझ्याकडे का बघत होती. माधुरीकडे ठेवलेली बॅग मी आठवून बघितली. त्यात आणलेली दुसरी साडीही पिवळीच होती, फक्त काठ वेगळे. रात्री माधुरीकडून तिची जांभळी मागून घेतली.

शुक्रवार, विहिरीच्या बाजूला

मॅचच्या आधी खेळाडू आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसले होते. टीम जाहीर झालेली नव्हती. आमच्याकडे टीम सकाळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडते आणि ज्याचं नाव नसतं तो ग्रुप सोडतो. इथे मला वाटलं बापू भाषण करतील, नावं वाचतील. पण ते दाराशी उभे राहून सुपारी कातरत होते.

मग कोपऱ्यातून एक दांडगा, मिशीवाला गडी उठला. हा त्यांचा डावा बॅक, तालमीचा जुना खेळाडू. त्याने जर्सीचं बंडल उचललं आणि एकेकाच्या पुढे जाऊन जर्सी द्यायला लागला. देताना प्रत्येकाच्या छातीवर हलकी थाप मारायचा. शेवटची जर्सी एका नव्या पोराला दिली, ती डाव्या बॅकचीच होती. त्याचे हात रिकामे झाले आणि तो हसून म्हणाला, "चला, आज आपुन सावलीत बसून मॅच बघणार." सगळे हसले. मग स्टेडियमवर पाण्याच्या बाटल्यांचा खोका त्यानेच वाहिला आणि पूर्ण मॅचभर त्या नव्या पोराच्या नावाने घसा कोरडा करून ओरडला.

मी बापूंना विचारलं, "रागावत नाही हो?"

"कशाला रागवंल? आमच्यात असंच हाय. ज्याला बसवायचं त्याच्याच हातनं जर्सी वाटायची. मान त्याचा."

मला मोकळं मोकळं वाटलं. युक्ती सापडली होती. मी वाटपाचा फोटो काढला होताच. स्टेडियमच्या पायरीवर बसून अण्णांना तो पाठवला, आणि वर लांबलचक बोलून संदेश टाकला. अण्णा, ज्याला बसवायचं त्याच्याच हातून जर्सी वाटायची, इतकं सुंदर मी काही बघितलं नाही, उद्याच्या मॅचला आपणही असंच करू या. अण्णांचा अंगठा आला.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट जेवले, म्हणजे मिसळ खाल्ली. सोबत पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस, आणि तिखट रश्शाचा कट असा की नाक डोळे एकदम वाहायला लागले. मग माधुरीने दूध कट्ट्यावर नेलं. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. ओठांवर फेसाच्या मिशा घेऊन मी माधुरीला सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता झोप तरी."

शनिवार, रस्त्यापलीकडे

शनिवारी मी परतणारच होते. पण बापू बोलता बोलता म्हणाले होते की चिंचवाल्यांनी यंदा त्यांचीच रीत उचलली आहे. "जर्सी वाटणं, पहाटेचा सराव, समदं आमचं बघून."

"आणि तुम्ही त्यांचं काहीच नाही घेतलं?"

बापूंनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "गोलकीपरला येगळा ट्रेनर ठेवलाय तेवढा. त्यांचं बघून."

उचललेली रीत कशी चालते हे बघायला हवं, असं मला वाटलं. आम्हीही उचलणारच होतो. म्हणून पुन्हा पिवळी साडी नेसून मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. चिंच तालमीचे मॅनेजर पिंटूदादा, गळ्यात शिट्टी, तोंडात सतत हसू. मी विहीर तालमीत जाऊन आलेय असं सांगितलं, तरी त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि साडी बघून फार खूश झाले.

इथेही पोरं आखाड्याच्या कडेला बसली होती. दोघेतिघे मोबाइलवर चित्रण करत होते. पिंटूदादांनी जर्सीचं बंडल उचललं, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एका पोराच्या हातात दिलं. "म्हेश, आज तू वाट."

महेश शाहूवाडीकडचा. डोंगराकडच्या भातशेतीतल्या घरातून यंदाच इथे खेळायला आलेला, तालमीने भाड्याच्या खोलीत ठेवलेला. त्याने बंडलाकडे बघितलं, मग पिंटूदादांकडे. उठून त्याने सगळ्या जर्सी वाटल्या, एकही चूक न करता, कुणाच्याही तोंडाकडे न बघता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

दुपारच्या मॅचला महेश स्टेडियमवर आलाच नाही. दुसऱ्या हाफमध्ये चिंचचा एक खेळाडू पाय धरून खाली बसला, बदली म्हणून महेशलाच हाक मारली गेली, आणि बाकावर त्याची जागा रिकामी. मॅच हातची गेली. पिंटूदादांचं हसू तेव्हा कुठे उतरलं. "मॅडम, तुमी दोन्हीकडं बघितलंसा न्हवं? रीत तीच केली की आमी. काय चुकलं सांगा."

मी म्हटलं, महेशलाच विचारू या. महेशचा फोन लागेना म्हणून त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी महेशच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, बॅग घेऊन स्टँडकडे गेलाय.

स्टँडवर त्याच्या गावाकडच्या, मलकापूरच्या गाडीच्या फलाटावर तो सापडला. बॅग पायांत धरून बसला होता. पिंटूदादा आधी रागावले, मग विनवण्या केल्या. महेश माझ्याकडे बघून बोलला, बहुतेक मी परकी होते म्हणून.

"मला बसवलं त्याचं काय न्हाय मॅडम. खेळात चालतंय. पर बंडल हातात आल्यावर कळलं मला. समद्यांच्या म्होरं. तोंड कुठं लपवायचं?"

"आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

"कोण सांगणार? खोलीवर एकटाच असतोय मी."

मी तिथेच उभ्याउभ्या बापूंना फोन लावला. गाड्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला. तुमच्या डाव्या बॅकला कधी कळलं की तो बाहेर आहे, असं विचारलं.

"आदल्या सांजंला," बापू म्हणाले. "कॅप्टन त्याच्या घरी जेवाय गेलता की. तिथंच सांगायचं, त्याच्या आईसमोर. काय रडायचं भांडायचं ते घरात हुतंय. मग सकाळी जर्सी वाटायची."

"बापू, हे तुम्ही मला काल सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं? जेवाय जाणं ही काय सांगायची गोष्ट हाय व्हय?"

पिंटूदादा फोनकडे बघत राहिले. आयुष्यभर रस्त्याच्या पलीकडे राहून त्यांना ही अर्धी गोष्ट ठाऊक नव्हती. असणार कशी? वाटप आखाड्यात होतं, ते साऱ्या पेठेला दिसतं. जेवण घरात होतं, आणि त्या घरांत यांनी पाऊल टाकलेलं नाही. पण पिंटूदादांची कीव करायला मला वेळ नव्हता. मीही अर्धीच गोष्ट गावाकडे पाठवली होती.

अण्णांनी फोन लगेच उचलला. मागे फटाके वाजत होते.

"अक्का, जिंकलो की! सकाळीच मॅच झाली. त्या नव्या पोरानं दोन मारले."

"अण्णा, इरफान?"

"तुमी सांगितल्यागत केलं. त्याच्याच हातनं वाटलं. फोटो दावला सगळ्यांस्नी, कोल्हापूरची पद्धत म्हणून."

"त्याला आधी सांगितलं होतं?"

"आधी सांगाय तुमी कुठं म्हणालासा?"

खरं होतं. मी म्हणाले नव्हते. मी विचारलं, इरफान आता कुठे आहे. अण्णा जरा अडखळले. मॅचला दिसला नाही, फोन उचलत नाही, म्हणाले. मग त्यांना कुणीतरी पेढा भरवला आणि बोलणं संपलं.

महेशची गाडी लागली. तो चढला, आणि त्याच्या मागून पिंटूदादाही चढले. स्कूटर स्टँडवरच सोडून. दारात उभे राहून मला म्हणाले, "इथं ह्याचं घर न्हाय, तर गावाकडं जातो. आई जेवाय घालती का बघू." महेश खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण शेजारच्या जागेवरची बॅग त्याने उचलून मांडीवर घेतली.

माधुरीला फोन करून माझी पिशवी राहू दे म्हटलं आणि समोर आलेल्या गडहिंग्लजच्या गाडीत शिरले. त्या प्रवासाचं वर्णन मला करता येणार नाही. मी एकच गोष्ट घोकत होते, इरफानला पहिलं वाक्य काय म्हणायचं. निपाणीच्या अलीकडे एक जमलं होतं. संकेश्वर आलं तेव्हा तेही फालतू वाटायला लागलं.

गडहिंग्लज

दिवेलागणीला मी इरफानच्या दारात उभी होते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालू होती. इरफान एका काळ्या सीटचं कव्हर शिवत होता. त्याच्या आई, ज्यांना मी चाची म्हणते, आतल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता पाट पुढे सरकवला.

मशीन थांबली. इरफान म्हणाला, "कोल्हापूर कसं हुतं मॅडम?"

मी घोकलेलं सगळं विसरले. म्हणाले, "चूक माझी आहे. मी अर्धंच बघितलं आणि कळवलं."

त्याने दोऱ्याचं टोक कात्रीने कापलं. मग खाली बघतच सांगायला लागला. "अण्णांनी बंडल दिलं. मला वाटलं, कॅप्टन म्हणून मान दिलाय. मी वाटत गेलो. आमच्या पोरास्नी, त्या बेळगावच्या पोराला. बंडल संपलं. मला वाटलं शिंप्याकडनं एक कमी आलीय. मी अण्णांस्नी म्हटलं, एक कमी हाय." त्याने कात्री खाली ठेवली. "कुणी बोलंचना. मला तवा कळलं."

मला रडू आलं. त्याच्यासमोर रडायचा माझा अधिकार नव्हता, तरी आलं. चाची उठून आत गेल्या आणि तीन ताटं घेऊन आल्या. "सकाळपासनं खाल्लं न्हाय ह्यानं," त्या म्हणाल्या, मला की भिंतीला ते कळलं नाही. ताटात भाकरी आणि वांग्याचा रस्सा होता.

आता जेवायचं आणि घरी जायचं, एवढं सोपं होतं. पण मंगळवारी पुढची मॅच होती, आणि दोन गोल मारलेल्या पोराला समिती बसवणार नव्हती, हे मला बसमध्येच कळून चुकलं होतं. आज माफी मागून गेले असते तर मंगळवारी त्याला ते पुन्हा ग्राउंडवर कळलं असतं.

"इरफान, मंगळवारी पण तू बाहेर आहेस."

चाचींचा हात भाकरीवर थांबला. इरफानने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ.

"गुडघ्यामुळं?"

"हो. आणि तो पोरगा तुझ्यापेक्षा जोरात पळतो म्हणून."

"ते मलाबी दिसतंय की," तो म्हणाला. आवाज चढला होता. "आठवडाभर समद्यांस्नी दिसत हुतं, आणि मला चहा पाजून पाठवत हुता तुमी. ह्या घराला दार हाय न्हवं? कुणाला लांब पडत हुतं का?"

मी नाही म्हणाले. चाची हळूच म्हणाल्या, "जेव आता." मग त्याने ताट पुढे ओढलं आणि खायला लागला, भुकेल्या माणसासारखा, भराभर. मीही खाल्लं. कोल्हापुरातल्या कुठल्याही जेवणापेक्षा मला त्या वांग्याची चव जास्त आठवते.

हात धुताना त्याने विचारलं, "मंगळवारी माझ्यासंगट अजून कोण बाहेर?"

"बाळू." बाळू आमचा गोलकीपर. मागच्या काही मॅचमध्ये त्याने सोपे बॉल सोडले होते, म्हणून मंगळवारी त्यालाही बसवायचं समितीत ठरलं होतं.

"त्याला सांगितलंय?"

"नाही अजून."

इरफानने टॉवेल खुंटीला लावला. "कॅप्टन अजून मीच हाय का, का तेबी बदललंसा?"

समितीला मी विचारलं नव्हतं. "तूच आहेस," मी म्हणाले.

"मग उठा. त्याच्या घरात लवकर जेवत्यात," तो म्हणाला, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून मोटरसायकलला किक मारली. आमचं जेवण झालं होतं, पण बाळूच्या आईने वाढलं तेव्हा आम्ही दोघं पुन्हा जेवलो.